‘अनुग्रह’वाचक नावे आणि इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मूल्य

नवजात बालकांसाठी नावे सुचविणाऱ्या अर्थकोशांत ‘कृपा’ या एका अर्थाखाली जॉन, ॲना, हन्ना, ग्रेस इत्यादी नावे ओळीने मांडलेली आढळतात. मांडणी व्युत्पत्तीच्या दृष्टीने फारशी चुकीची नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती दिशाभूल करणारी आहे. एखादे नाव अर्थपूर्ण वाक्य म्हणून केव्हा उच्चारले जात होते, केव्हा ते घराण्याची खूण बनले आणि केव्हा त्याचा अर्थ लोकांच्या स्मृतीतून पुसला गेला, हे अशा कोशांवरून कळत नाही.

यांतील बहुतेक नावांच्या मुळाशी सेमिटिक भाषांतील ह-न-न हा त्रिवर्णी धातू आहे. (संस्कृतातील ‘हनन’ शब्दाशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे, अर्थ जवळजवळ उलट.) श्रेष्ठाने कनिष्ठावर, त्याचा हक्क नसताना, प्रसन्न होऊन केलेला अनुग्रह हा त्याचा मुख्य अर्थ होय. ग्रीक ‘खारिस’मधील लालित्याची छटा हिब्रू ‘हेन’ या नामातही आढळते. पण व्यक्तिनामांत येणारे क्रियापद दात्याच्या कृतीचेच आहे. ‘योहानान’ म्हणजे ‘याहवेने कृपा केली’. हे विशेषण नव्हे, पूर्ण विधान आहे, आणि त्याचा रोख अपत्यप्राप्तीकडे असणे स्वाभाविक होते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात दीर्घकाळ निपुत्रिक राहिलेल्या स्त्रीचे नाव हन्ना असावे, यात कथाकाराची जाणीव दिसते.

विधानातील क्रियापद तेच ठेवून कर्ता मात्र बदलत असे. यहूदी ‘हनन्याह’ आणि कार्थेजचा ‘हॅनिबल’ (जन्म इ.स.पू. २४७) या दोन नावांची घडण एकच आहे, पहिल्यात कृपा करणारा याहवे, दुसऱ्यात बाल. रोमला हादरविणाऱ्या सेनापतीचे आणि यिर्मयास विरोध करणाऱ्या संदेष्ट्याचे नाव असे सख्ख्या भावांसारखे आहे.

नावाच्या अंत्य भागाकडे पाहिले तर त्याचे साधनमूल्य अधिक स्पष्ट होते. अरद येथील उत्खननात (१९६२–६७) सापडलेल्या, यहूदा राज्याच्या अखेरच्या काळातील एका खापरीवर ‘हनन्याहू’ असे दीर्घ रूप आहे. उलट नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावरील ज्यू सैनिकवसाहतीस इ.स.पू. ४१९ मध्ये सणाविषयी पत्र पाठविणारा ‘हनन्याह’ हे ऱ्हस्व रूप वापरतो. ‘-याहू’ हे रूप यहूदाच्या निर्वासनपूर्व लेखांत सर्रास येते, तर इराणी काळात ‘-याह’ रूढ होते. म्हणजे अर्थ कायम असूनही रूपावरून काळाचा अंदाज बांधता येतो. अर्थकोश नेमकी हीच खूण टाकून देतो.

मात्र नावाच्या लोकप्रियतेचे कारण त्याच्या अर्थात शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. इ.स.पू. १६७ च्या सुमारास सेल्युसिड सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या मत्तथ्याच्या पाच पुत्रांची नावे योहानान, शिमोन, यहूदा, एलआझार व योनातान अशी होती. शिमोनाचा पुत्र योहानान हिर्कानस (इ.स.पू. १३४–१०४) हा सत्ताधीश झाला, ‘येहोहानान प्रमुख याजक’ असा लेख त्याच्या नाण्यांवर जुन्या हिब्रू लिपीत कोरलेला आहे. पुढील दोन शतकांत ही नावे पॅलेस्टाईनमध्ये विलक्षण प्रसार पावली. ताल इलान यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तत्कालीन ज्यू नामकोशात त्यांचे प्राबल्य उघड दिसते. बाप्तिस्मा देणारा योहान, झबदीपुत्र योहान, यरुशलेमच्या पाडावातून (इ.स. ७०) निसटलेला रब्बी योहानान बेन झक्काय, तसेच १९६८ मध्ये गिवत हा-मिव्तार येथे ज्याच्या टाचेच्या हाडात खिळा आढळला तो क्रुसावर चढविलेला येहोहानान, हे सारे एकाच नावाचे धनी. त्यांच्या मातापित्यांना याहवेची कृपा आठवत नसेल असे नव्हे. पण रोमन अंमलाखाली हसमोनी घराण्याची नावे मुलांना देण्यात गेलेल्या स्वातंत्र्याची आठवणही होती, असे मानण्यास चांगला आधार आहे.

अरबी परंपरेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. कुराणात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे नाव ‘यह्या’ असे येते व त्याचा ह-न-न धातूशी संबंध उरत नाही. परंतु मरियम सूरेत (१९:१३) त्याच यह्याचे वर्णन करताना याच धातूपासून झालेला ‘हनान’ हा शब्द योजिला आहे, आणि तो कुराणात अन्यत्र कोठेही येत नाही. नावातून निसटलेला अर्थ वर्णनात राहिला, हा योगायोग मानावा की जुन्या परंपरेचा अवशेष, हा प्रश्न विचारार्ह आहे.

युरोपात ग्रीक-लॅटिन रूपांतून जोहान, हान्स, इव्हान, जां, जोव्हान्नी, हुआन अशी संतती वाढली. मूळ विधान तेथे कोणास ऐकू येत नव्हते, म्हणूनच कृपेचे नाव ठेवू इच्छिणाऱ्यांना नवा, कळणारा शब्द लागला. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील प्युरिटन घराण्यांत ‘ग्रेस’ रूढ झाले ते त्यामुळे. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर दोन्ही थर एकदम आले. २४ जूनचा ‘सांजांव’ हा सण सांव जुआंवचा, म्हणजे त्याच योहानानचा; पण विहिरीत उड्या घेणाऱ्यांना त्या नावाचा मूळ अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाचे मंदिर मात्र ‘ग्रासा’ या उघड लॅटिनोद्भव शब्दाने, कृपामातेच्या नावे ओळखले जाई. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. आता त्याच्या मनोऱ्याचा भग्न भाग तेवढा उभा आहे.