रात्री आठचा अलार्म

आजची गोष्ट थेट आमच्या घरातून.

गोंदियाला आमच्याकडे सकाळी आठला आणि रात्री आठला एक अलार्म वाजतो. मोठे बाबा हातातलं काम ठेवून गोळी घेतात. त्यांच्या पोटात मोठ्या आईची किडनी आहे. धान कापणीच्या गडबडीत त्यांनी दोन दिवस गोळी घेतलीच नाही. म्हणे, "आता तं बरा आहो मी, कायले खावाची?" नागपूरचे डॉक्टर चांगलेच रागावले. त्यांना एवढा राग का आला, ते शोधताना मला हा इतिहास सापडला.

1954 साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. कारण भाऊ एकसारखे जुळे होते, शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पासवर्ड एकच होता! पण बाकीच्यांचं काय? दुसऱ्याचा अवयव दिसला की आपली प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते.

आपल्याकडेही हिंमत कमी नव्हती. मुंबईच्या केईएममध्ये 1965 साली मृत व्यक्तीची किडनी बसवली गेली. रुग्ण अकराव्या दिवशी गेला. फेब्रुवारी 1968 मध्ये तिथेच डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदललं. तो रुग्ण काही तासच जगला. त्याच्या अडीच महिने आधी दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी हृदय बसवलेला जगातला पहिला रुग्ण 18 दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला.

खरी गोची इथेच होती. तेव्हा ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड्स होती. डोस कमी पडला तर शरीर अवयव नाकारणार, जास्त झाला तर साधा संसर्गही जीव घेणार. 1971 मध्ये वेल्लोरला किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं, तरी ही तारेवरची कसरत सुटली नव्हती.

मग उत्तर आलं कुठून? मातीतून! नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत 1972 मध्ये तिचा गुण लक्षात आला आणि 1983 मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला परवानगी मिळाली. 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूने टॅक्रोलिमस दिलं. मोठे बाबा घेतात ती हीच गोळी.

या गोळ्या अख्ख्या फौजेला मारत नाहीत. टी पेशींना मिळणारा 'हल्ला करा' हा निरोप मधेच अडवतात. रक्तातलं औषध कमी झालं की निरोप पुन्हा जायला लागतो. आणि सुरुवातीला काही दुखतही नाही, तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा कळतं. म्हणून तर डॉक्टर रागावले.

हे सगळं मोठ्या बाबांना सांगितलं. म्हणजे बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नसते, गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय. ते थोडा वेळ गप्प बसले. मग मोठ्या आईकडे बघून म्हणाले, "तुही किडनी हाय, सांभाळाच लागन."

आता अलार्म वाजायच्या आधीच ते पाण्याचा गिलास घेऊन बसतात. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर आज रात्री आठला एक फोन नक्की करा. भेटू पुढच्या भागात!