पिंपळे सौदागरचा हिशेब

पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या काठी, आज जेथे संगणकाच्या कंपन्यांत चाकरी करणाऱ्यांच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत, त्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीतून भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातील एक मौलिक ग्रंथ सिद्ध झाला, हे तेथील फारच थोड्या रहिवाशांस ठाऊक असेल. ग्रंथकर्ते डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामातील चहामळ्यांचा अनुभव गाठीशी बांधून १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि सहस्रबुद्धे, कानिटकर प्रभृती सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी या गावाची जी घरवार पाहणी केली, ती १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेत प्रसिद्ध झाली.

तसे पाहता जमाबंदीच्या दफ्तरात आकड्यांचा तुटवडा कधीच नव्हता. खातेदार किती, आकार किती, बाकी किती, हे कुळकर्ण्याच्या वहीत बिनचूक असे. कारण सरकारास वसूल हवा होता. तो वसूल देऊन रयतेच्या पदरी काय उरते, हे विचारण्याचे प्रयोजन सरकारास सहसा पडत नसे. मॅन यांनी तेच विचारले. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी दाखवले की, १७७१ साली या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते पेशवाई बुडाली त्या १८१८ साली साडेसतरा एकरांवर आले आणि १९१५च्या सुमारास अवघे ७ एकर उरले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते.

परंतु माझ्या मते या ग्रंथाचे खरे मोल त्याने केलेल्या वर्गवारीत आहे. कुटुंबे एकरांच्या उतरंडीने न मांडता त्यांनी प्रत्येकाच्या जमाखर्चाचा मेळ घातला: स्वतःच्या जमिनीवर निभावणारी ८, बाहेरच्या मजुरीच्या आधाराने तोंडमिळवणी करणारी २८, आणि काही केल्या मेळ न बसणारी ६७. एकूण १०३ कुटुंबांचा हा तीन ओळींचा तक्ता वाचला, की दुष्काळ नसलेल्या सालीही रयत कर्जबाजारी का राहते, हे उमगण्यास निराळे भाष्य लागत नाही.

यावर साहजिकच असा आक्षेप संभवत होता की, शहराच्या सावलीतील गाव सामान्य खेड्याचा नमुना कसा मानावा? मॅन यांनी वादविवादात कालक्षेप न करता शिरूर तालुक्यातील, पुण्यापासून बऱ्याच अंतरावरचे जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले व कानिटकरांसह त्याची पाहणी १९२१ साली प्रसिद्ध केली. तेथे मेळ न बसणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले! शहराच्या सान्निध्याने पिंपळे सौदागरचे दैन्य थोडे झाकलेच होते म्हणायचे.

निदान हाती आले, तरी सरकारदरबारी उपाय निघण्यास विलंब लागला. वाटण्यांमुळे होणारे तुकडे थोपविण्यासाठी मुंबई कायदेमंडळात १९२७ साली विधेयक आले, ते तीव्र विरोधामुळे बारगळले. लोक ज्यास तुकडेबंदी म्हणतात तो कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. तोवर मॅन यांचा पहिला ग्रंथ निघून तीस वर्षे लोटली होती.