वयवाचक शब्द आणि इतिहासाचे वाचन

एखादा मनुष्य ‘लहान’ केव्हा असतो आणि ‘मोठा’ केव्हा होतो, या प्रश्नाचे उत्तर निसर्गापेक्षा समाजच अधिक देत असतो, आणि ते उत्तर भाषेत साठविले जाते. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा सामाजिक इतिहास अभ्यासिताना याची विशेष जाणीव होते. प्रस्तुत टिपणात स्पॅनिश भाषेतील काही वयवाचक शब्द तुलनेस घेऊन, मराठी साधनांच्या वाचनात कोणती दक्षता बाळगावयास हवी, याचा विचार केला आहे.

प्रथम लिंगाचा प्रश्न घेऊ. स्पॅनिशमध्ये ‘निन्यो’ म्हणजे लहान मुलगा व ‘निन्या’ म्हणजे लहान मुलगी. नामांस तेथे नपुंसकलिंग नसल्याने दोहोंचा समूह सांगताना ‘निन्योस’ हे पुल्लिंगी अनेकवचन वापरावे लागते. मराठीस ही अडचण नाही. ‘मूल’, ‘पोर’, ‘लेकरू’ हे तिन्ही शब्द नपुंसकलिंगी असून मुलगा व मुलगी या दोहोंस सारखेच लागू पडतात. तथापि व्यवहारात आपण ‘मुले आणि मुली’ असे म्हणतो. म्हणजे ‘मुले’ या शब्दाचा अर्थ कधी ‘अपत्ये’ तर कधी केवळ ‘मुलगे’ असा होतो. ‘गावातील मुले शाळेत जात’ या वाक्यावरून मुली शाळेत जात होत्या असे अनुमान काढता येत नाही, आणि जात नव्हत्या असेही म्हणता येत नाही. शब्द उदार असला, तरी पुरावा म्हणून तो मुका आहे.

दुसरा प्रश्न वय आणि दर्जा यांच्या सरमिसळीचा. स्पॅनिश ‘मोसो’ म्हणजे तरुण; पण हमाल, नोकर आणि सैन्यभरतीस पात्र झालेला युवक हेही त्याचे अर्थ आहेत. मराठीतही हीच वाट दिसते. ‘पोर’ पासून झालेला ‘पोऱ्या’ म्हणजे हाताखालचा नोकर. ‘गडी’ हा मुलांच्या खेळातील सोबती, तसाच शेतावरील चाकर. वर्षाच्या करारावर राहणारा तो ‘सालगडी’. फारसीतून आलेला ‘जवान’ आज प्रामुख्याने सैनिक झाला आहे. संस्कृत ‘युवन्’, फारसी ‘जवान’ आणि लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये उतरलेला ‘होवेन’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन मूळचे होत. याउलट वरच्या वर्गातील तारुण्यास भाषा मान देते. मूळ लॅटिनमध्ये ‘न बोलणारे बालक’ असा अर्थ असलेला ‘इन्फान्ते’ स्पेनमध्ये राजपुत्राची पदवी झाला. आपल्याकडे ‘कुमार’ या शब्दाचा ‘राजकुमार’ झाला. बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) पंडिती काव्यभाषेतील ‘बाळ’, ‘शिशु’, ‘वत्स’ ही शब्दसंपदा आणि शेतावरील ‘पोऱ्या’ यांत जे अंतर आहे, ते वयाचे नसून प्रतिष्ठेचे आहे.

हे अंतर येथील आर्थिक इतिहासात महत्त्वाचे ठरते. १८८५च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या कोरडवाहू मुलखात बागाइती आणली. पुढे १९३०च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मोजणी कोयत्यांची होते. त्यांच्याबरोबर येणारे पोर मोजणीच्या एककात बसत नाही, मग ते वाढे बांधत असो की धाकटे भावंड सांभाळत असो. १९४८च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात कामास ठेवण्यास मनाई केली. परंतु उसाचा फड म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून एकाच कारखान्याच्या उसावर राबणारे दोघे समवयस्क, एक कायद्याच्या भाषेत ‘बालक’ तर दुसरा फडाच्या भाषेत ‘हाताशी आलेला’, असे असू शकत.

विवाहासंबंधीच्या शब्दांचीही हीच गोष्ट. ‘उपवर’ हा शब्द स्थिर राहिला, पण त्यातील वय बदलत गेले. मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा १९२९च्या कायद्याने चौदा, १९४९मध्ये पंधरा आणि १९७८मध्ये अठरा वर्षे झाली. तेव्हा १९२०मधील पत्रातील ‘उपवर कन्या’ आणि १९८०मधील जाहिरातीतील ‘उपवर कन्या’ या एकाच वयाच्या असतील असे धरून चालणे चूक होय. शिवाय कायद्यातील वय आणि घरातील वय यांत बराच काळ अंतर राहिले, हेही विसरता कामा नये.

तात्पर्य, वयवाचक शब्द म्हणजे वयाचा आकडा नव्हे. दप्तर, पत्र किंवा मौखिक निवेदन वाचताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द कोणी उच्चारला, कोणाविषयी उच्चारला, आणि त्या व्यक्तीकडून कोणत्या कामाची अपेक्षा होती? फडावरील वृद्ध मजूर जेव्हा ‘मी तेव्हा गडी झालो होतो’ असे सांगतो, तेव्हा तो आपले वय सांगत नसतो. आपले बालपण कधी संपले, हे सांगत असतो. ती नोंद वयाच्या रकान्यात घालून मोकळे होणे म्हणजे साधनातील मुख्य गोष्टच गमावणे होय.