शीतपित्त

शीतपित्त हा त्वचेवर अकस्मात खाजऱ्या गांधी उठण्याचा विकार आहे. बोलभाषेत त्यास 'अंगावर पित्त उठणे' असे म्हणतात, तर आधुनिक वैद्यकात तो अर्टिकेरिया या नावाने ओळखला जातो. साधारणतः दर पाच व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास होतो. ॲलर्जी (अधिहर्षता) हे त्याचे एक कारण आहे. एकमेव कारण नव्हे. दीर्घकाळ टिकणाऱ्या शीतपित्तामागे तर बाहेरील पदार्थाची ॲलर्जी क्वचितच आढळते. म्हणूनच या विकाराच्या निदानात प्रयोगशाळेतील चाचण्यांपेक्षा रुग्णाने सांगितलेल्या तपशिलाला अधिक महत्त्व असते.

नाव

यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी या विकाराचा संबंध नाही. 'शीतपित्त' ही संज्ञा आयुर्वेदातील त्रिदोषकल्पनेतून आली आहे. माधवनिदान या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या तीन विकारांचा एकत्र विचार केलेला असून, थंड वाऱ्याचा स्पर्श हे त्यांचे एक कारण सांगितले आहे. मराठीत 'पित्त' हा शब्द छातीत होणारी जळजळ व आंबट ढेकर यांसाठीही वापरला जातो. त्यामुळे अंगावरील गांधी म्हणजे 'वाढलेली ॲसिडिटी' असा समज रूढ झाला आहे. परंतु हे दोन्ही विकार भिन्न आहेत. अर्टिकेरिया हे नाव 'अर्टिका' या लॅटिन शब्दावरून पडले. अंगाला लागताच आग व खाज निर्माण करणाऱ्या एका वनस्पतीचे ते नाव आहे.

लक्षणे

गांधी त्वचेपासून किंचित उंच, कडांनी स्पष्ट आणि मध्ये फिकट असतात. त्यांचा आकार काही मिलिमीटरपासून तळहाताएवढा असू शकतो. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे सूज व खाज यांवरूनच त्या ओळखाव्या लागतात. एका जागची गांध सहसा २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरून जाते आणि दुसऱ्या जागी नवी उठते. काही रुग्णांत ओठ, पापण्या, जीभ अशा भागांत त्वचेच्या खोल थरांना सूज येते. हिला अँजिओएडिमा म्हणतात. ती ओसरण्यास तीन दिवसही लागू शकतात.

विकाराची प्रक्रिया

त्वचेतील मास्ट पेशींमध्ये हिस्टामिन नावाचे रसायन सूक्ष्म कणांच्या रूपात साठवलेले असते. या पेशींचे प्रथम वर्णन जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी केले. पेशी उत्तेजित झाल्या की हिस्टामिन बाहेर पडते. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावून लाली येते, त्यांतून द्रव पाझरून सूज येते आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते.

मास्ट पेशी अनेक मार्गांनी उत्तेजित होतात. खऱ्या ॲलर्जीत शरीराने एखाद्या निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध आधीच तयार केलेली आयजीई ही प्रतिपिंडे या पेशींवर बसलेली असतात. तो पदार्थ पुन्हा शरीरात येताच ती त्यास जखडतात व पेशी फुटल्यासारखी रिती होते. मॉर्फीनसारखी काही औषधे मात्र प्रतिपिंडांविना थेट या पेशींवर परिणाम करतात. 'ॲलर्जी' ही संज्ञा ऑस्ट्रियन वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केली.

प्रकार व कारणे

सहा आठवड्यांपेक्षा कमी काळ टिकणाऱ्या शीतपित्तास अल्पकालीन, तर त्याहून अधिक टिकणाऱ्यास दीर्घकालीन म्हणतात.

अल्पकालीन शीतपित्त: लहान मुलांमध्ये विषाणुसंसर्ग हे याचे प्रमुख कारण आहे. पेनिसिलीन गटातील औषधे, ॲस्पिरिन व आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, शेंगदाणे, काजू, अंडी, दूध, कोळंबी, मासे, तसेच मधमाशी व गांधीलमाशीचा दंश ही अन्य कारणे होत. अन्नाची ॲलर्जी असल्यास गांधी सहसा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत उठतात.

बांगडा, टूना यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेशा थंडाव्यात न ठेवल्यास जिवाणूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते व ते शिजवूनही नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्याने होणारा त्रास ॲलर्जीसारखाच दिसतो. वस्तुतः ती विषबाधा असते. एकाच पंगतीतील अनेकांना त्रास झाल्यास ही शक्यता प्रथम विचारात घेतात.

दीर्घकालीन शीतपित्त: यातील बहुसंख्य रुग्णांत बाह्य कारण सापडत नाही. अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मास्ट पेशींना उत्तेजित करीत असते. काहींना अवटू ग्रंथीचा स्वयंप्रतिकार विकारही असतो. हा विकार बहुधा काही वर्षांत आपोआप शमतो.

प्रेरित शीतपित्त: यात गांधी विशिष्ट भौतिक कारणाने उठतात, उदाहरणार्थ त्वचेवर ओरखडा, थंडी, दाब, ऊन अथवा घाम आणणारे श्रम. थंडीने गांधी उठणाऱ्या व्यक्तीने गार पाण्याच्या विहिरीत किंवा तलावात एकाएकी उडी मारल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते.

निदान

निदान मुख्यतः वृत्तांत व तपासणी यांवरून होते. गांधी केव्हा उठल्या, एक गांध किती वेळ टिकली, त्यापूर्वीच्या काही तासांत काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, ताप आला होता काय, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. वैद्यांकडे पोहोचेपर्यंत गांधी मावळलेल्या असतात. म्हणून त्यांचे छायाचित्र व नोंद उपयुक्त ठरते.

अल्पकालीन शीतपित्तात विशिष्ट संशय नसल्यास चाचण्यांची गरज नसते. अन्न, औषध वा दंशाचा संशय असल्यास त्वचेवर टोचून करावयाची चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीईची चाचणी करतात. त्वचाचाचणीपूर्वी काही दिवस हिस्टामिनरोधक औषधे वैद्यांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात. चाचणी सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असे नव्हे. तो पदार्थ खाऊन प्रत्यक्ष त्रास होत असेल तरच तिला अर्थ असतो. हे न जाणता केवळ अहवालावरून अनेक पदार्थ वर्ज्य केल्यास, विशेषतः बालकांचे, कुपोषण होऊ शकते.

एक गांध २४ तासांहून अधिक टिकत असेल, दुखत असेल वा जाताना काळसर डाग ठेवीत असेल, तर रक्तवाहिनीदाहाचा विचार करून त्वचेचा तुकडा तपासतात. गांधींविना वारंवार केवळ सूज येत असल्यास रक्तदाबावरील विशिष्ट औषधे अथवा आनुवंशिक विकार हे कारण असू शकते.

उपचार

ज्ञात कारण टाळणे व हिस्टामिनरोधक औषधे घेणे हे उपचाराचे मूळ आहे. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीतील औषधे कमी गुंगी आणतात. दीर्घकालीन विकारात ती नियमित घ्यावी लागतात. गुण न आल्यास तज्ज्ञ मात्रा वाढवितात किंवा ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन देतात. स्टेरॉइडे दीर्घकाळ घेणे अपायकारक असते.

महाराष्ट्र व गोव्यात अंगाला आमसुलाचे पाणी लावण्याचा प्रघात आहे. गार पाण्याने खाज तात्पुरती कमी वाटते. मात्र पुढे दिलेली लक्षणे असल्यास अशा उपायांत वेळ दवडणे घातक ठरते.

तीव्र प्रतिक्रिया

गांधींसोबत श्वास लागणे, आवाज घोगरा होणे, जीभ वा घसा सुजणे, वारंवार उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही अॅनाफिलॅक्सिस या प्राणघातक प्रतिक्रियेची लक्षणे होत. काही रुग्णांत त्वचेवर काहीही न दिसता ती उद्भवते. मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा तिचा पहिला उपचार आहे. हिस्टामिनरोधक गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णास उताणे निजवून पाय उंच ठेवावेत, एकदम उभे करू नये. धाप लागत असल्यास बसू द्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लक्षणे शमल्यावरही काही तासांनी उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात देखरेख आवश्यक असते. कारणीभूत औषधाचे वा पदार्थाचे नाव लिहून जवळ बाळगणे व प्रत्येक नव्या वैद्यास ते सांगणे पुढील धोका टाळते.