अनुच्चारित नाम आणि कोकणातील बेने इस्रायल

ज्यू परंपरेत ईश्वराचे नाम योद, हे, वाव, हे या चार हिब्रू अक्षरांनी लिहिले जाते. परंतु ते उच्चारले जात नाही. प्राचीन काळी प्रमुख याजक प्रायश्चित्ताच्या दिवशी मंदिरात ते उच्चारीत असे. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर तो उच्चारही लोपला. वाचताना त्याऐवजी ‘अदोनाय’ (माझे प्रभू) म्हणण्याची प्रथा दृढ झाली.

या संदर्भात कोकणातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास उद्बोधक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ दीर्घकाळ हिब्रू भाषा व धर्मग्रंथ यांना दुरावले होते. समाजाच्या परंपरेनुसार दावीद रहाबी यांना त्यांच्यात शब्बाथ, सुंता, आहारनियम आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना आढळली. ‘शेमा’च्या पहिल्याच वाक्यात हे चतुरक्षरी नाम दोनदा येते व दोन्ही वेळा ‘अदोनाय’ असेच म्हटले जाते. अन्यत्र नाम डोळ्यांसमोर आणि पर्यायी शब्द ओठांवर असे. येथे केवळ ओठांवरचा शब्दच उरला होता.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण आणि १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा प्रसिद्ध झाला. मुखोद्गत शब्दामागील लिखित नाम अशा रीतीने समाजाला पुन्हा वाचता येऊ लागले. ग्रंथ नसतानाही नामाची मर्यादा मुखपरंपरेने जपली, हे या समाजाचे वैशिष्ट्य होय.