मैफलीचे निमंत्रण

संगीताचा इतिहास सांगताना गायकांची नावे घेतली जातात, घराण्यांच्या वंशावळी दिल्या जातात, रागस्वरूपांची चर्चा होते. मैफलीस जमलेले लोक तेथे आले कसे, आज गाणे आहे ही वार्ता त्यांना कोणी दिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः हा प्रश्न गौण नाही. ज्याला वार्ता मिळते तोच श्रोता होतो. आणि वार्ता कोणाला द्यावयाची हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती कलावंताचे बरेचसे भवितव्यही असते. या प्रश्नाचा मागोवा घेण्यास बडोद्याचा परिसर फार सोयीचा आहे.

वाघोडिया हे बडोदे शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर असलेले तालुक्याचे गाव. गायकवाडांच्या राज्यात वाघोडिया हा बडोदे प्रांतातील एक तालुका होता. आज तेथे औद्योगिक वसाहत उभी आहे. तालुक्यात विद्यापीठे निघाली असून परप्रांतांतील तरुणही तेथे शिकावयास येतात. शहरात एखाद्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला, की त्याची वार्ता या तरुणांच्या खिशातील मोबाईलवर त्याच दिवशी येऊन पडते. दीडशे वर्षांपूर्वी वाघोडियातील सामान्य रहिवाशाला राजवाड्यात आज कोण गाणार आहे हे कळण्याचे साधन नव्हते. आणि कळले असते तरी तेथे त्याला प्रवेश नव्हता. या दोन अवस्थांमधील अंतर कसे तोडले गेले, ही मोठी बोधप्रद कथा आहे.

दरबारी गाण्याला जाहिरातीची गरज नव्हती. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात गवई, बीनकार, सारंगिये, नर्तकी अशी मंडळी पगारावर असत. त्यांनी कधी आणि कोणापुढे गावयाचे हे सरकारी शिरस्त्याने ठरे. ऐकणारा मुख्यतः एकच, तो म्हणजे महाराज. इतर सारे त्याचे पाहुणे. कलावंताला उदरनिर्वाहाची चिंता नसे, हे खरे. परंतु राजवाड्याच्या भिंतींपलीकडे आपले गाणे कोणाला आवडले असते, हे कळण्याचा मार्गही त्याला नसे.

या भिंतीला पहिले दार पडले ते १८८६ साली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी त्या वर्षी बडोद्यात गायनशाळा काढली. ‘गायन शिकविणारी सरकारी शाळा’ ही कल्पनाच त्या काळी नवी होती. मौलाबक्ष यांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धती बसविली आणि शिकविण्यासाठी पुस्तके छापविली. गायनशाळेतून सारेच काही उस्ताद बाहेर पडणार नव्हते. पडले ते ऐकणारे. ज्याने दोन वर्षे सरगम घोकली, त्याला पुढे कोठे गाणे असल्याचे कळले तर त्याचे पाय आपोआप तिकडे वळत. गायनशाळेचे हे फळ हिशेबाच्या वहीत दिसत नाही. परंतु पुढच्या साऱ्या मैफली त्यावरच उभ्या राहिल्या.

महाराजांची आणखी दोन कार्ये येथे सांगितली पाहिजेत. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्यास लागू केला. १९१० पासून वाचनालयांची चळवळ सुरू होऊन पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. वाघोडिया तालुकाही याच राज्यातला. संगीताशी या गोष्टींचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. छापील हस्तपत्रक भिंतीवर चिकटविले, तरी ते वाचणारा डोळा गावात असावा लागतो. दवंडीला कान पुरतो. जाहिरातीला अक्षरओळख लागते.

याच सुमारास कलावंतही राजवाड्याबाहेर पडू लागले. १८९६ साली मिरज सोडून निघालेले विष्णु दिगंबर पलुस्कर बडोद्यास आले होते, तेथून ते सौराष्ट्रात गेले. संस्थानिकांच्या बिदागीवर विसंबून न राहता सर्वसामान्य लोकांसमोर तिकीट लावून गाण्याचा मार्ग त्यांनी धरला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते लोकांच्या बळावर. बडोदे दरबारच्या चाकरीत असलेल्या अब्दुल करीम खाँ यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते संस्थान सोडले आणि पुढे पुण्यास आर्य संगीत विद्यालय चालविताना जाहीर जलशांचा आधार घेतला. तिकिटाची कल्पना आज साधी वाटते. त्या काळी ती क्रांतिकारक होती. चार आणे देणारा मनुष्य पाहुणा नव्हता, आश्रितही नव्हता. तो हक्काने बसणारा श्रोता होता. परंतु अशा श्रोत्याला बोलावणे धाडणे भाग होते. मानकऱ्याकडे चोपदार पाठविता येतो. अनोळखी माणसाकडे कोण पाठविणार? येथे जाहिरातीचा जन्म झाला.

त्या जाहिरातीचे स्वरूप मौजेचे होते. नाटक मंडळी, सर्कस किंवा बायोस्कोप गावात आला, की टांग्यात वा बैलगाडीत बँड बसवून तो गल्लोगल्ली वाजवीत नेत आणि मागे धावणाऱ्या मुलांच्या हाती हस्तपत्रके देत. बँडवाला हाच त्या काळचा जाहिरातदार होता. तो दुसऱ्याच्या खेळाची वार्ता देई. त्याची स्वतःची वार्ता देणारा मात्र कोणी नव्हता. लग्नाच्या वरातीत लोक त्याला ऐकत आणि वाटखर्ची घेऊन तो पुढच्या गावी जाई.

जाहिरातीचे मर्म ज्यांनी अचूक ओळखले, त्यांत दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले पाहिजे. फाळके हे बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. १९१३ साली निघालेला ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन ते सुरतेस गेले, तेव्हा पहिल्या खेळाचे उत्पन्न जेमतेम तीन रुपये झाले, अशी हकीगत प्रसिद्ध आहे. तेथील प्रेक्षकाला सहा-सहा तासांचे नाटक पाहावयाची सवय; दीड तासाचा खेळ त्याला महाग वाटे. फाळक्यांनी खेळ बदलला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा हिशेब त्यांनी लोकांपुढे मांडला आणि उत्पन्न तीनशेवर गेले. समोरच्या माणसाच्या मनातील माप ओळखून त्याच मापाने आपली वस्तू मोजून दाखविणे, हे त्या जाहिरातीचे कौशल्य होते.

विद्वानांच्या वर्तुळातही निमंत्रणाचा विस्तार झाला. मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली. तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची खटपट आणि सयाजीराव महाराजांचे पाठबळ होते. निरनिराळ्या प्रांतांतील उस्ताद आणि पंडित एका मंडपात बसून स्वरांविषयी आणि रागांविषयी वाद घालीत आहेत, हे दृश्य देशाला नवीन होते. पुढे दिल्ली, काशी, लखनौ येथे परिषदा भरत गेल्या आणि त्यांतूनच १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. सभेचे निमंत्रण जेथवर गेले तेथवर शाळाही गेली, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

नंतर ध्वनिमुद्रिका आली, नभोवाणी आली. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३६ साली संस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. कार्यक्रमांची सूची ‘दि इंडियन लिसनर’ या पाक्षिकात आधीच छापून येई. बडोद्याचे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांची ‘आफताब-ए-मौसिकी’ म्हणून ख्याती होती. त्यांचा भारदस्त आवाज ध्वनिमुद्रिकांनी आणि नभोवाणीने दरबार कधी न पाहिलेल्या घरांत नेऊन पोचविला. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते बडोद्यास निवर्तले, तेव्हा बडोदे संस्थान विलीन होऊन वर्ष उलटून गेले होते. एका गायकाच्या आयुष्यातच श्रोता राजाचा प्रजा झाला होता.

आता वर्तमानाकडे वळावे. फेसबुक २००४ साली निघाले, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. एवढ्या थोड्या वर्षांत कार्यक्रमाची वार्ता देण्याची सारी रीत पालटली. इंग्लंडातील शेफील्ड गावच्या ‘आर्क्टिक मंकीज’ या तरुणांच्या वाद्यवृंदाने आपल्या गाण्यांच्या तबकड्या जलशात फुकट वाटल्या. ऐकणाऱ्यांनी त्या इंटरनेटवर एकमेकांना दिल्या. जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला संग्रह विक्रीस आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. श्रोताच हस्तपत्रक झाला होता.

भारतात याची प्रचीती २०२४ च्या सप्टेंबरात आली. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे एका संकेतस्थळावर विक्रीस निघाली, तेव्हा १ कोटी ३० लाख लोक त्या रांगेत उभे राहिल्याचे विक्रेत्यांनी सांगितले. मागणी एवढी वाढली, की पुढे अहमदाबादेसही कार्यक्रम ठरले आणि २५ व २६ जानेवारी २०२५ रोजी ते तेथे झाले. बडोद्याच्या नवरात्रीतील गरब्याचेही तसेच. एके काळी गल्लीच्या चौकात दिव्याभोवती फेर धरणारा गरबा आज विस्तीर्ण मैदानावर, गायक-वादकांच्या ताफ्यासह होतो. त्याचे पास मोबाईलवर घेतले जातात आणि त्याची चित्रे परदेशस्थ आप्तांना तत्क्षणी दिसतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

यावरून असे वाटेल, की निमंत्रणाचा प्रश्न आता कायमचा सुटला. वाघोडियातील चार तरुणांनी गिटार आणि ढोलक घेऊन वाद्यवृंद काढला, तर त्यांना छापखान्याचा खर्च नाही, टांग्याचे भाडे नाही, दरबाराच्या शिफारशीची गरज नाही. गाण्याचा तुकडा चित्रित करावा, दिवस आणि ठिकाण लिहावे, मित्रांनी तो पुढे धाडावा, एवढ्यात काम होते. ज्या बँडवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांची जाहिरात केली, त्याच्या नातवाला आज स्वतःची जाहिरात करता येते. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या काळाच्या ओढीने त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

तथापि या सोयीला दुसरी बाजू आहे. हस्तपत्रक भिंतीवर लागले की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. समाजमाध्यमावर टाकलेली वार्ता कोणाला दाखवावयाची आणि कोणाला नाही, हे त्या माध्यमाची यंत्रणा ठरविते. आपले नाव आवडीने नोंदविलेल्या साऱ्याच लोकांना ती दिसतेच असे नाही. अधिक जणांना दिसावी असे वाटले, तर पैसे मोजावे लागतात. मोठ्या वाद्यवृंदाला ते परवडतात. चार तरुणांना परवडत नाहीत. दरबार गेला, परंतु चोपदार गेला नाही. फरक एवढाच, की जुना चोपदार डोळ्यांना दिसे आणि त्याला विनंती करता येई. नव्याचा चेहरा दिसत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बोटाच्या एका स्पर्शाने पसंती दर्शविणारे हजार असतात, प्रत्यक्ष खुर्चीवर येऊन बसणारे त्यांतले थोडे. वार्ता पोचणे निराळे आणि निमंत्रण पोचणे निराळे. ज्याच्या कानाला त्या संगीताची ओळख आहे, त्यालाच वार्ता ही निमंत्रण वाटते. इतरांना ती वाहत्या गर्दीतील आणखी एक चित्र वाटते. फाळक्यांच्या जाहिरातीने सुरतेचा प्रेक्षक एकदा आत आला. पुन्हा आला तो आत जे पाहावयास मिळाले त्यामुळे.

म्हणून या साऱ्या इतिहासात १८८६ सालच्या त्या गायनशाळेची आठवण पुन्हा पुन्हा येते. सूरसागर तळ्यासमोर त्याच परंपरेची संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या छत्राखाली विद्यादान करीत आहे. दवंडी, हस्तपत्रक, नभोवाणी आणि मोबाईल ही साधने एकामागून एक आली. पुढेही निराळी येतील. ती श्रोता जमवितात. श्रोता घडविण्याचे काम त्यांचे नव्हे. ते काम जेथे एखाद्या मुलाला प्रथम ‘सा’ लावावयास शिकविले जाते, तेथेच होत आले आहे. वाघोडियाच्या तरुण वाद्यवृंदाने आपली वार्ता मोबाईलवरून अवश्य धाडावी. परंतु गावच्या शाळेत जाऊन तासभर मुलांपुढे वाजवावे, हेही त्याने विसरू नये. दहा वर्षांनी त्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणारा श्रोता आज तेथेच, तिसऱ्या बाकावर बसलेला असतो.