हृदयावरील पहारा

चालतांबोलतां धडधाकट मनुष्य कोसळतो आणि क्षणांत सारें संपतें. पुष्कळदां अशा वेळीं हृदय थांबलेलें नसतें. तें बेताल झालेलें असतें. रक्त ढकलणारे खालचे दोन कप्पे एकजुटीनें आकुंचन न पावतां नुसते थरथरत राहतात. विजेच्या धक्क्यानें ही थरथर मोडते. क्लीव्हलंड येथें १९४७ सालीं डॉक्टर क्लॉड बेक यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं एका १४ वर्षांच्या मुलाचे प्राण असेच वाचविले. परंतु धक्का देणारा कांहीं मिनिटांतच जवळ असावा लागतो, आणि मृत्यु कांहीं रुग्णालयाची वाट पाहत नाहीं.

१९६६ सालीं इस्रायलमध्यें डॉक्टर हॅरी हेलर हृदयाच्या अशाच बेतालपणानें वारले. त्यांचे सहकारी मिशेल मिरोव्स्की, १९३९ सालीं पोरवयांत वॉर्सा सोडून निघालेले गृहस्थ, यांच्या मनास ही गोष्ट लागून राहिली. रोग्यास जन्मभर रुग्णालयांत ठेवतां येत नसेल, तर धक्का देणारें यंत्रच त्याच्या देहांत कां ठेवूं नये? १९६९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मॉर्टन मॉवर यांच्या साह्यानें त्यांनीं कामास आरंभ केला.

धक्का देणें हें त्यांत सोपें काम होतें. छातीवरून शेंकडों ज्यूल लागतात, तेथें हृदयालगत पंचवीसएक पुरतात. अवघड काम होतें तें पारखीचें. प्रथम हृदयांतील रक्तदाबावर नजर ठेवावी असा बेत होता. पण मापकच बिघडला, तर जागत्या, निरोगी माणसास धक्का बसावयाचा! पुढें विजेच्या आलेखांतील एक खूण उपयोगीं पडली. निरोगी हृदयाचा आलेख दोन ठोक्यांमध्यें मूळ रेषेवर विसांवतो. थरथरणाऱ्या हृदयाचा बहुधा विसांवतच नाहीं.

१९७२ सालीं बर्नार्ड लाऊन यांनीं या कल्पनेवर कडक टीका केली. बाहेरून धक्का देण्याची सुधारलेली रीत ज्यांनीं रूढ केली, तेच हे डॉक्टर. म्हणून ती टीका जिव्हारीं लागली. मिरोव्स्की वाद घालीत बसले नाहींत. त्यांनीं चित्रफीत दाखविली: कुत्रा कोसळतो, आंतील यंत्र धक्का देतें, आणि कुत्रा उठून शेंपूट हालवितो.

४ फेब्रुवारी १९८० रोजीं जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत लेव्ही वॉटकिन्स यांनीं तें यंत्र प्रथम एका स्त्रीच्या देहांत बसविलें. १९८५ सालीं अमेरिकन शासनानें त्यास मान्यता दिली. १९९० सालीं मिरोव्स्की निवर्तले.

पहारेकऱ्याच्या हातीं शस्त्र देणें सोपें. तें कधीं उगारूं नये, हें शिकविण्यासच त्यांचीं इतकीं वर्षें लागलीं.